घाटावर धो धो आणि तीस किलोमीटरवर रस्ता कोरडा, सह्याद्रीचं हवामान नेमकं चालतं कसं?

पायवाट:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते एकदाचं विचारून टाकते. मी मूळची अकोल्याची, दोन वर्षं झाली नोकरीमुळे साताऱ्यात आहे आणि आल्यापासून जवळजवळ प्रत्येक सुट्टीला डोंगरात असते. आमच्याकडे पाऊस म्हणजे दुपारनंतर आभाळ काळं होणार, विजा कडाडणार, तासभर झोडपणार आणि निघून जाणार, आणि अकोल्यात पडला तर मूर्तिजापुरातही थोडाफार पडलेला असतो. इथलं गणितच वेगळं दिसतंय.

गेल्या जुलैत एका रविवारी महाबळेश्वरला गेलो होतो. दिवसभर पाऊस असा की छत्री उघडायचा प्रश्नच नाही, समोरची गाडी दिसत नव्हती, एसटी स्टँडवर माणसं नुसती भिंतीला चिकटून उभी. संध्याकाळी परत निघालो, पाचगणीत आलो तर रिमझिम, पसरणी घाट उतरून वाईत पोचलो तर रस्ता कोरडा आणि पोरं मैदानात क्रिकेट खेळतायत! एवढ्या अंतरात ऋतूच बदलल्यासारखा वाटला. आणि गंमत अशी की एवढ्या पावसात दिवसभरात एकदाही ढग गडगडला नाही.

दुसरी गोष्ट डिसेंबरातली. पेपरात फोटो आला वेण्णा लेकवर हिमकण म्हणून, गवतावर, गाडीच्या टपावर पांढरा थर. त्याच दिवशीचं महाबळेश्वरचं किमान तापमान मात्र चांगलं दहा-अकरा अंश दिलेलं होतं. मग बर्फ झाला कसा?

ऑफिसात विचारलं की सगळे म्हणतात, घाटातल्या हवेचं काही सांगता येत नाही. मला हे पटत नाही, काहीतरी नियम असणारच. इथे अनुभवी लोक आहेत, जरा सविस्तर सांगा ना. लेख असेल एवढं लिहिलंत तरी वाचीन.

पर्जन्यमापक:

ताई, प्रश्न फार आवडला. मी घाटमाथ्यावरच्या एका केंद्रावर सव्वीस वर्षं पाऊस मोजला, रोज सकाळी साडेआठला, दिवाळी असो की ताप आलेला असो. त्यामुळे जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

सह्याद्रीत पाऊस बघायचा नाही, आधी वारा बघायचा. जूनपासून सप्टेंबरपर्यंत अरबी समुद्रावरून जो वारा येतो तो पार सोमालियाच्या किनाऱ्याजवळून मुसंडी मारत येतो आणि त्याचा सगळ्यात जास्त जोर जमिनीलगत नसून साधारण दीड किलोमीटर उंचीवर असतो. म्हणजे जवळपास आपल्या कड्यांच्या डोक्याशी. आणि आपला डोंगर कसा उभा आहे? उत्तर-दक्षिण, तापीपासून थेट कन्याकुमारीपर्यंत सोळाशे किलोमीटर, वाऱ्याच्या बरोबर आडवा. वळसा घालून जायला वाटच नाही, केरळातली एक पालघाटची खिंड सोडली तर. मग तो वारा करणार काय, चढणार. कोकणच्या बाजूने आपला डोंगर भिंतीसारखा आहे, पाच-सात किलोमीटरच्या आत हवेला हजार मीटर चढावं लागतं. समुद्रावरून पाण्याने भरून आलेली हवा हजार मीटर चढली की चार-पाच अंशांनी थंड होते, थंड हवेत तेवढी वाफ मावत नाही, ती तिथेच सांडते. बस, एवढंच आहे, पण हे चोवीस तास चालू असतं, ढग येण्याची वाट बघायला लागत नाही कारण ढग तिथेच तयार होतो आणि तिथेच रिकामा होतो.

आता तुमचं वाई. माथ्यावर पोचेपर्यंत हवेने बराचसा माल टाकलेला असतो. वाऱ्याच्या जोराने थोडा पाऊस पलीकडे वाहून येतो, तो पाचगणीला मिळतो. त्यापुढे हवा उतरायला लागते, उतरली की तापते आणि तापली की ढग विरतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर, पाचगणीला त्याच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास आणि वाईत हजाराच्याही खाली. पुण्याला सातशेच्या आसपास. हे आकडे शाळेत पाठ करून घेतात पण पसरणी घाट उतरताना ते अंगाला जाणवतात तेव्हाच खरे कळतात, तुम्हाला कळलेत.

गडगडाट का नाही? फार कमी लोकांच्या हे लक्षात येतं. अकोल्यातला तुमचा ढग तापलेल्या जमिनीवरून उभा वाढत जातो, दहा-बारा किलोमीटर किंवा त्याहून उंच, त्यात वर बर्फाचे कण असतात, त्यांच्या घासाघाशीतून वीज तयार होते. घाटावरचा जुलैतला ढग बहुतेक वेळा बुटका असतो, वारा त्याला पूर्वेकडे ढकलत असतो, उंच वाढायला सवडच देत नाही. त्यातलं पाणी बर्फ न होताच थेंब होऊन पडतं. महाबळेश्वरला २०१२ पासून आयआयटीएमची, म्हणजे पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेची, ढगांचा अभ्यास करणारी प्रयोगशाळा आहे, तिथे माणसं अक्षरशः ढगात बसून ढग मोजतात. आमच्या गावातली म्हातारी माणसं बिनयंत्राचंच सांगायची, मिरगाच्या आधी आभाळ बोलतं, आणि ते बोलायचं थांबलं की समजायचं पावसाळा लागला.

रोजच्या रोज जोर कमीजास्त का होतो तेही थोडक्यात सांगतो. किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा तयार झाला की जोर वाढतो. आणि बंगालच्या उपसागरात, ओडिशाच्या किनाऱ्याजवळ कमी दाबाचं क्षेत्र झालं आणि ते आत मध्य प्रदेशाकडे सरकायला लागलं की आपल्याकडचा पश्चिमेचा वारा ओढला जातो आणि एक-दोन दिवसांत नवजा, कोयनानगर, महाबळेश्वरचे आकडे उड्या मारायला लागतात. मी रेडिओवर ओडिशाचं नाव ऐकलं की रात्रीच कंदिलात तेल भरून ठेवायचो.

माणदेशी:

वरच्या काकांनी घाटाचं छान सांगितलं पण डोंगराची दुसरी बाजू पण ऐका, कारण सह्याद्रीचं हवामान म्हटलं की सगळे भिजणाऱ्या बाजूचं बोलतात.

आमच्या माणमध्ये जुलै म्हणजे नुसता वारा. ढग डोक्यावरून पूर्वेकडं पळत असतात, दिवसभर पळतात, असं वाटतं आता पडंल मग पडंल, पण नुसती भुरभुर, माती ओली होऊन तासात सुकते. वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या याच वाऱ्यावर गरागरा फिरतात, तिथून आमच्याकडं येईपर्यंत ढगात काय उरत नाही. वर्षाला पाचशे मिलिमीटर झाला तर आम्ही चांगलं साल म्हणतो. महाबळेश्वरला तेवढा कधी कधी एका दिवसात पडतो, आणि जिल्हा एकच, सातारा.

आमचा खरा पाऊस दोनदा. एक वळीव, मे महिन्यात, दुपारी चारनंतर पूर्वेकडून नाहीतर दक्षिणेकडून काळंभोर येतं, आधी वावटळ, मग गारा, मग धुमाकूळ. आणि दुसरा परतीचा, उत्तरा आणि हस्ताचा, सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबर. तेव्हा पश्चिमेचा वारा मोडतो, पूर्वेकडून ओल येते आणि आभाळ परत बोलायला लागतं. त्या पंधरा-वीस दिवसांवर आमचा शाळू ठरतो, विहिरी ठरतात, पोरीचं लग्न या साली की पुढच्या ते ठरतं. पडतील स्वाती तर पिकतील मोती म्हणतात ते आमच्यासाठी नुसती म्हण नाही. हस्त नक्षत्राचं वाहन बेडूक आहे का गाढव आहे ते पंचांगात बघतात लोक अजून, मी पण बघतो, खरं सांगतो.

अजून एक. आमच्याकडचे मेंढपाळ दिवाळीनंतर मेंढरं घेऊन घाट उतरून कोकणात जातात आणि मिरगाच्या आधी परत वर येतात. कारण उघड आहे, उन्हाळ्यात इकडं चारा नाही तिकडं भातकापणीनंतरची रानं मोकळी, आणि पावसाळ्यात कोकणच्या ओलीत मेंढरं टिकत नाहीत, खुरं कुजतात. डोंगराच्या दोन बाजूंना दोन वेगळे ऋतू आहेत म्हणून हे आयुष्य चालतं. हवामानाचा नकाशा बघायचा असंल तर या वाटा बघा.

पायवाट:

खूप खूप आभार दोघांचे. वारा बघायचा हे डोक्यात पक्कं बसलं. माणदेशी दादा, मेंढपाळांचं वाचून वाटलं की मी रोज ज्यांना रस्त्यावर बघते त्यांच्याकडे आता वेगळ्या नजरेने बघेन.

अजून दोन शंका. पावसाळ्यात ट्रेकला जायचं तर मोबाईलवरच्या ॲपमध्ये जो पावसाचा आकडा दिसतो तो घाटात सपशेल चुकतो, मग विश्वास कशावर ठेवायचा? आणि हिमकणांचं अजून कोणी सांगितलं नाही.

कोकणकडा_वेडी:

ट्रेकचं मी सांगते, पंधरा वर्षं झाली फिरतेय.

ॲप चुकतं कारण त्याच्या हिशोबात जमिनीचे मोठे मोठे चौकोन असतात, आणि एका चौकोनात तुमचं महाबळेश्वर आणि वाई दोन्ही बसत असेल तर तो दोघांची सरासरी दाखवणार, जी दोन्हीकडे खोटी. त्यापेक्षा हवामान खात्याचा जिल्हावार इशारा बघ, त्यात आता सातारा घाट, पुणे घाट, कोल्हापूर घाट असं वेगळं देतात. रेड म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरच्या वर, तेव्हा घरीच बसायचं, यात चर्चा नाही. ऑरेंजलाही मी नदी-ओढे ओलांडावे लागणारी वाट घेत नाही. कारण सह्याद्रीत ओढा वाढतो तो तुझ्या डोक्यावरच्या पावसाने नाही, वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळाच्या पठारावर, पडलेल्या पावसाने, आणि काळा कातळ पाणी मुरू देत नाही, सगळं अर्ध्या तासात खाली येतं. आमचा एक ग्रुप असाच अडकला होता, सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून गेलो आणि दुपारी त्याच ओढ्याशी पाच तास बसून राहिलो, समोर गाव दिसतंय पण जाता येत नाही. वर कुठेतरी जोर झाला होता, आमच्याकडे तर ऊन पडलं होतं!

दुसरं धुकं. घाटातली धुई म्हणजे हिवाळ्यातलं धुकं नव्हे, तो ढगच असतो ज्यात आपण उभे असतो. उन्हाने विरेल म्हणून वाट बघण्यात अर्थ नाही, वारा असेपर्यंत नवा ढग चढत राहणार. पठारावर असाल तर हे फार धोक्याचं, कडा कुठे संपतो कळत नाही. एवढं एक लक्षात ठेव, जुलैत वारा पश्चिमेचा असतो, तो कुठल्या गालावर लागतोय यावरून दिशा कळते, मला एकदा याच आधारावर वाट सापडली आहे.

पण भीतीच घालायची नाहीये मला. नाणेघाटात उलटा धबधबा बघ, पाणी कड्यावरून पडायला जातं आणि खालून येणारा वारा ते वर फेकतो, अंगावर येतं परत. वरच्या काकांनी जो चढणारा वारा सांगितला ना, तो डोळ्यांनी दिसतो तिथे. आणि इंद्रवज्र! हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर सकाळी सूर्य पाठीमागे, समोर खाली दरीत ढग भरलेला, आणि त्या ढगावर गोल इंद्रधनुष्य आणि मधोमध आपली सावली. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८३५ साली हे हरिश्चंद्रगडावरून पाहिल्याचं लिहून ठेवलं आहे. मला अकरा वेळा जाऊन एकदा दिसलं, पावसाळ्याच्या शेवटी शेवटी, जेव्हा वरती उघडीप असते आणि कोकणात अजून ढग असतात. शेजारी उभ्या असलेल्या माणसाला त्याचीच सावली त्या गोलात दिसते, तुमची नाही, ते बघून अंगावर काटा आला होता.

महिन्यांचं म्हणशील तर मेचा शेवटचा आठवडा काजव्यांसाठी, पहिले वळीव झाले की भंडारदऱ्याकडे झाडंच्या झाडं लुकलुकतात आणि पाऊस जोरात सुरू झाला की संपलं. जुलै फक्त भिजायला. ऑगस्ट संपता संपता ऊन-पाऊस सुरू होतो, सड्यांवर माती जेमतेम बोटभर, तिला तेवढाच उजेड हवा असतो, मग कास फुलतं. ऑक्टोबर ते फेब्रुवारी लांबचं दिसतं. मार्चनंतर गवत वाळून कोरडं ठाक होतं, वणवे लागतात, तेव्हा डोंगरात काडी पेटवू नकोस आणि कुणाला पेटवू देऊ नकोस, हात जोडून सांगते.

पर्जन्यमापक:

वेडी ताईंनी रेडचं सांगितलं त्याला जोडून लिहितो, कारण हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे.

२०२१ च्या जुलैत, २२ आणि २३ तारखेच्या दरम्यान महाबळेश्वरला चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. एक मिलिमीटर म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. म्हणजे मीटरभर लांब-रुंद जागेवर जवळजवळ सहाशे लिटर, एका दिवसात, आणि ते सगळ्या डोंगरावर. चिपळूण बुडालं, महाडजवळ तळीये दरडीखाली गेलं, पाटणकडे आंबेघर, मिरगाव गेलं. लोक लगेच ढगफुटी म्हणतात. ढगफुटी म्हणजे तासाला शंभर मिलिमीटरच्या वर, थोड्याशा भागात. इथे सरासरी काढली तर तासाला पंचवीसच येतो. थांबलाच नाही, यामुळे घात झाला. घाटातला धोका असा असतो, तो एका झटक्याने येत नाही, डोंगर हळूहळू पाणी पीत राहतो, कातळावरचा मुरूम आणि माती फुगते, आणि मग एका क्षणी सगळंच सुटतं. माळीण ३० जुलै २०१४ ला असंच गेलं, १५१ माणसं गेली, पहाटे-सकाळी, घरात असलेली.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं, उताराखालच्या वाडीत मुक्काम असेल आणि दोन-तीन दिवस सलग संततधार असेल तर रात्री एकदा बाहेर येऊन बघा. उतारावर नवी भेग पडलीय का, जिथे कधी झरा नव्हता तिथून पाणी फुटलंय का, ओढ्याचं पाणी अचानक गढूळ झालं किंवा अचानक कमी झालं, झाडं-खांब कललेत, दारं नीट लागत नाहीत. यातलं काहीही दिसलं तर सामान गोळा करायचं नाही, निघायचं. माझ्या माहितीतली एक वाडी अशी वाचली आहे, एका म्हाताऱ्या बाईने परड्यातून पाणी फुटलेलं बघितलं आणि सगळ्यांना उठवून शाळेत नेलं.

लाल_माती:

हिमकणांचं मी सांगतो, आमचं स्ट्रॉबेरीचं रान वेण्णेच्याच खोलगटात आहे आणि डिसेंबर-जानेवारीत मी रात्री दोन-दोनदा उठून बघतो.

पेपरातला दहा-अकरा अंशाचा आकडा खोटा नाही. तो थर्मामीटर जाळीच्या पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून चार फुटांच्या वर असतो, आणि केंद्र उंचावर आहे. बर्फ होतो तो गवताच्या पात्यावर, जमिनीला चिकटून, आणि सखल जागेत. आभाळ स्वच्छ, हवा कोरडी आणि वारा अजिबात नाही अशी रात्र असली की जमीन आपली सगळी ऊब वर सोडून देते, अडवायला ढग नाही. जमिनीलगतची हवा गार होते, गार हवा जड, ती पाण्यासारखी उतारावरून वाहत येऊन खड्ड्यात साठते. वेण्णा लेक, लिंगमळा हे असे खड्डे आहेत. संध्याकाळी गाडीवरून बाजारातून खाली येताना कळतं, एका वळणावर अचानक कानाला झोंबतं, जसं पाण्यात पाय टाकावा तसं. बाजारात दहा असताना आमच्या रानात पानावर शून्याखाली जातं आणि दव गोठतं.

त्यामुळे लोक म्हणतात ना की उंच तेवढं थंड, ते दिवसा खरं आहे. हिवाळ्यातल्या शांत रात्री उलटंही होतं. निफाड सपाटीवर आहे तरी कित्येक पहाटे महाबळेश्वरपेक्षा निफाडचा पारा खाली असतो, त्याचं कारण पण हेच, टेकाडावरून गार हवा निसटून जाते, सपाटीवर बसून राहते.

आम्हाला हिमकण म्हणजे पर्यटकांसारखा आनंद नाही, फुलं काळी पडतात. त्या रात्री मी वाऱ्याची वाट बघतो, जरा झुळूक आली तरी हवा ढवळली जाते आणि रान वाचतं.

खिंडीतला_वारा:

मी गेली नऊ वर्षं कोइम्बतूरला आहे म्हणून दक्षिणेची बाजू टाकतो, कारण सह्याद्री म्हटलं की आपण मराठी माणसं गोव्याशी थांबतो आणि डोंगर तर पुढे अर्ध्याहून जास्त आहे.

पर्जन्यमापक काकांनी पालघाटच्या खिंडीचा उल्लेख केला, मी तिच्या तोंडाशी राहतो. भिंतीला तीसेक किलोमीटरचं भगदाड आहे हे. जून-जुलैत केरळातला वारा त्यातून असा घुसतो की आमच्याकडे दारं आपोआप आपटतात, हवा गार होते, पण पाऊस फारसा नाही, कारण इथे हवेला चढावंच लागत नाही. म्हणजे काकांचा नियम उलट बाजूनेही सिद्ध होतो: वारा तोच, वाफ तीच, डोंगर नाही तर पाऊस नाही. खिंडीच्या उत्तरेला निलगिरी आणि दक्षिणेला अनैमलै, अनैमुडी २६९५ मीटर, आपल्या कळसूबाईपेक्षा हजार मीटरहून जास्त उंच, तिथे मात्र त्याच वेळी धो धो चालू असतो.

आणि आमचा पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्येकडून, बंगालच्या उपसागरावरून. तेव्हा डोंगराच्या बाजू बदलतात, जी ओली होती ती आडोशाला आणि जी कोरडी होती ती भिजणारी. कुन्नूरला घाटाचे रस्ते खचतात ते नोव्हेंबरात. तुमच्याकडे तेव्हा किल्ल्यांवर गवत सोनेरी झालेलं असतं आणि इकडे शाळांना पावसाची सुट्टी. पाऊसही उत्तरेकडे येईल तसा उशिरा पोचतो, केरळात साधारण १ जूनला, मुंबईत ११ जूनच्या सुमारास, आणि जाताना उलटा, वरून आधी रिकामा होतो. त्यामुळे दक्षिणेच्या डोंगरात पावसाळा लांब आणि कोरडे महिने कमी, तुमच्या नाशिककडच्या डोंगराला सात-आठ महिने कोरडे काढावे लागतात. जंगलातला फरक त्यातूनच येतो, इकडे वर्षभर हिरवं, तिकडे मार्चात पानगळ. अर्थात ही तारीख म्हणजे सरासरी, २०२५ ला मुंबईत २६ मेलाच मान्सून आला होता.

माणदेशी:

२०२५ चं आठवतंय. आमच्याकडं मेमध्ये एवढा पडला की उन्हाळी मशागत राहूनच गेली, आणि मग जूनमध्ये उघाड. लवकर आला म्हणून सगळे खूश होते पण पावसाचं लवकर येणं आणि वेळेवर येणं यात फरक आहे.

पायवाट:

काय लिहू कळत नाहीये, मला वाटलं होतं दोन-चार ओळी येतील. खिंडीचं वाचून तर मी नकाशाच काढून बसले.

मी ठरवलंय की या जूनपासून स्वतः मोजायचं. महाबळेश्वरला, पाचगणीला आणि वाईला माझ्या ओळखीचं एकेक घर आहे, तिन्हीकडे साधा पर्जन्यमापक ठेवते आणि सोबत वाऱ्याची दिशाही लिहून ठेवते. काका, कसा ठेवायचा ते सांगाल का?

पर्जन्यमापक:

नक्की सांगतो, वाचून फार बरं वाटलं.

मोकळ्या जागेत ठेवा. घर किंवा झाड जेवढं उंच असेल त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. गच्चीवर नको, तिथे वारा जास्त आणि वाऱ्यात थेंब तिरके जातात, मापकाच्या तोंडात कमी पडतात, महाबळेश्वरला तर हे फारच होतं. तोंड अगदी समपातळीत हवं, पाण्याची बाटली आडवी ठेवून बघा. पत्र्याच्या पन्हाळीखाली नको, खालचे शिंतोडे उडतील इतकं जमिनीला टेकूनही नको. तिघांनीही एकाच वेळी मोजायचं, सकाळी साडेआठ, आणि तो आकडा आदल्या चोवीस तासांचा म्हणून लिहायचा. महाबळेश्वरच्या घरी सांगून ठेवा की जोर असेल तर दुपारी आणि रात्री झोपायच्या आधीही मोजून रिकामं करायचं, नाहीतर भांडं भरून वाहून जाईल आणि सकाळी तुम्हाला भांड्याचं माप मिळेल, पावसाचं नाही. आणि पाऊस पडला नाही त्या दिवशी रकाना मोकळा सोडू नका, शून्य लिहा. मोकळा रकाना बघून नंतर कळत नाही की पाऊस नव्हता की माणूस गेला नव्हता.

वाईच्या वहीत शून्यं भरपूर येतील. त्याच दिवशीचा महाबळेश्वरचा आकडा शेजारी लिहा आणि मिरगापासून इथे टाकत राहा, मी रोज बघणार आहे.